जुन्या सेडानचे ब्रेक : घाट उतरताना पेडल तळाला गेले, नेमके काय बदलावे?

कोकणमार्गी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०१० साली घेतलेली पेट्रोल सेडान आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे आणि आजवर १,१८,००० किलोमीटर झाले आहेत. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओत तपासणी करून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, त्या वेळी ब्रेकविषयी कोणीही शंका काढली नव्हती.

पंधरवड्यापूर्वी कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरत होतो. गाडीत आम्ही पाच जण होतो आणि डिकीत आईचे सामान व तांदळाचे एक पोते होते. पुढे सिमेंटचा ट्रक असल्यामुळे जवळजवळ सगळा घाट तिसऱ्या गिअरमध्ये आणि पाय ब्रेकवर ठेवूनच उतरावा लागला. शेवटच्या वळणांवर करपल्यासारखा वास येऊ लागला आणि पोफळी जवळ आली तेव्हा पेडल एकाएकी मऊ पडून जवळपास तळाला टेकले. दोन-तीनदा पटापट दाबल्यावर ब्रेक धरला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेला घेतली. आई मागच्या सीटवरून ‘काय झालं रे?’ म्हणाली तेव्हा ‘जरा चहा घेऊ’ एवढेच सांगितले. चाळीस मिनिटांनी पेडल पुन्हा पूर्वीसारखे घट्ट झाले होते.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये पुढचे पॅड नवे बसवले, टाकीत ब्रेक ऑइल वरपर्यंत भरले आणि ‘आता बिनधास्त जा’ म्हणून सांगितले. मनाचे समाधान झाले नाही म्हणून दुसरीकडे दाखवली, तर त्यांनी मास्टर सिलिंडर, बूस्टर, दोन्ही डिस्क आणि मागचे ब्रेक शू असे सगळेच बदलायला सांगितले. एकाच्या मते दोष पॅडचा, तर दुसऱ्याच्या मते सगळ्याचाच, आणि कारण मात्र दोघांपैकी एकानेही सांगितले नाही. सपाट रस्त्यावर आज गाडी उत्तम थांबते, स्टिअरिंगही थरथरत नाही. अशा वेळी कोणत्या क्रमाने तपासणी करून घ्यावी आणि खरोखर काय बदलावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

नाना वर्कशॉप

तीस वर्षे वर्कशॉपमध्ये काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुमच्या वर्णनातच निदान आहे; ते कोणी नीट ऐकून घेतले नाही, इतकेच.

घाटात ब्रेक दोन तऱ्हेने दगा देतो आणि या दोन तऱ्हा पायाला अगदी वेगळ्या जाणवतात. पॅड आणि डिस्क यांच्यातले घर्षण अतिउष्णतेने कमी झाले, तर पेडल घट्टच राहते, तुम्ही जीव खाऊन दाबता आणि तरी गाडी हवी तशी थांबत नाही. तुमचे पेडल मात्र मऊ होऊन खाली गेले, म्हणजे बिघाड पॅडच्या पृष्ठभागावर नसून ऑइलमध्ये होता. पायाचा जोर बूस्टर वाढवतो, मास्टर सिलिंडर त्याचे दाबात रूपांतर करतो आणि तो दाब कॅलिपरपर्यंत, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत, जसाच्या तसा पोहोचतो, कारण द्रव दाबून लहान होत नाही. कॅलिपरमधले ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडतो. पटापट दाबल्यावर ब्रेक धरणे आणि गाडी थंड झाल्यावर सगळे पूर्ववत होणे, या दोन्ही गोष्टी त्याकडेच बोट दाखवतात. मास्टर सिलिंडरचे रबर गेले असते, तर चाळीस मिनिटांच्या विश्रांतीने ते बरे झाले नसते.

आता ऑइल का उकळले ते पाहू. नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचे असते आणि ते हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळावे, असा दंडक आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले, की हाच आकडा १४० वर येतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणातल्या दमट हवेत उभ्या असलेल्या गाडीचे ऑइल पाच-सहा वर्षे तसेच राहिले असेल, तर उतारावर पंधरा मिनिटे पॅड घासत ठेवल्यावर ते उकळले यात नवल नाही. त्यातच जुने पॅड झिजून पातळ झाले असतील, तर डिस्कची उष्णता कॅलिपरमधल्या पिस्टनपर्यंत अधिक लवकर पोहोचते. म्हणून पॅड बदलणे चुकीचे नव्हते, पण अर्धवट होते. वरून ताजे ऑइल भरल्याने खालच्या कॅलिपरमधले जुने ऑइल बदलत नाही, ते तिथेच बसून राहते.

म्हणून पहिले काम संपूर्ण ऑइल बदलण्याचे. टाकीच्या झाकणावर जी प्रत लिहिली असेल तीच आणावी. तिथे डॉट ३ असेल, तर चांगल्या कंपनीचे डॉट ४ बहुधा चालते, तरी गाडीचे माहितीपुस्तक पाहून घ्यावे. टाकीतले जुने ऑइल पिचकारीने ओढून घ्यावे, नवे भरावे आणि मग चारही चाकांच्या ब्रेकवरच्या निपलमधून (ऑइल आणि हवा बाहेर काढण्याच्या छोट्या तोटीतून) स्वच्छ ऑइल येईपर्यंत ते काढावे. एक लिटर पुरते. टाकी मध्येच रिकामी होणार नाही, यावर एका माणसाने डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे, कारण एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली, की ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो. जुन्या गाडीत आणखी एक पथ्य आहे. निपल उघडा असताना पेडल तळापर्यंत कधीही दाबू नये. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. मास्टर सिलिंडरचे रबर रोज जिथवर जाते त्याच्या पुढचा भाग वर्षानुवर्षे न वापरल्याने गंजलेला असू शकतो आणि एरवी चांगले असलेले रबर तिथे कापले जाते.

बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांवर पैसे घालण्यापूर्वी दोन तपासण्या घरच्या घरी कराव्यात. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे ते दगडासारखे घट्ट होईल. मग त्यावर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा; पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करतो आहे. त्यानंतर इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने एक मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत गेले, तर मास्टर सिलिंडरवर संशय घ्यावा किंवा कुठेतरी गळती शोधावी. तसे झाले नाही, तर दुसऱ्या गॅरेजच्या यादीतली पहिली दोन नावे खोडून टाका.

पंचगंगातीर

नानांशी सहमत. माझ्या अनुभवातली एक पुरवणी जोडते. आमची गाडी आंबा घाटातून रत्नागिरीकडे उतरताना ब्रेक दाबला, की डावीकडे ओढायची. टायरमधली हवा तपासली, अलाइनमेंट केले, काही फरक पडला नाही. शेवटी उजवे पुढचे चाक काढल्यावर दिसले, की आतल्या बाजूच्या पॅडवर जेमतेम २ मिलिमीटर मसाला उरला होता आणि बाहेरच्या पॅडवर चांगला ७ मिलिमीटर. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतली खालची पिन गंजून आवळली होती, त्यामुळे बाहेरचा पॅड डिस्कला नीट टेकतच नव्हता, ते चाक कमी थांबायचे आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढली जायची. पिन काढून साफ केली, फाटलेले रबरी बूट बदलले, ब्रेकसाठीचे खास सिलिकॉन ग्रीस लावले आणि प्रश्न मिटला. साधे पिवळे ग्रीस लावू देऊ नका. त्याने पिनेवरचे रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते.

कोकणमार्गी, तुमचे पॅड नुकतेच बदलले आहेत, तर काढलेले जुने पॅड गॅरेजमधून मागून घ्या. चारही पॅडची झीज सारखी आहे का, एवढे त्यांवरून लगेच कळेल. नवे सुटे भाग बसवले, की जुने परत मागण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली आहे, आणि मिस्त्री लोकांना ती आवडत नाही हेही पाहिले आहे.

नवाचालक

ऑइल बदलायचेच आहे, तर सरळ डॉट ५ का घालू नये? आकडा मोठा म्हणजे दर्जा वरचा असेल ना?

नाना वर्कशॉप

नाही, इथे आकडा फसवतो. डॉट ५ हे सिलिकॉन जातीचे ऑइल आहे, ते ग्लायकॉल ऑइलात मिसळत नाही आणि एबीएस असलेल्या गाडीत घालू नये. डॉट ५.१ हे नाव तसेच दिसले, तरी ते ग्लायकॉल जातीचेच आहे. मात्र घरच्या सेडानला त्याची गरज क्वचितच पडते. प्रतीपेक्षा ऑइल दर दोन वर्षांनी बदलण्याचा नेम अधिक महत्त्वाचा आहे. आणि एक विनंती, कधीही पॉवर स्टिअरिंगचे किंवा इंजिनचे तेल ब्रेकच्या टाकीत पडू देऊ नका. घाईत बाटली बदलली म्हणून यंत्रणेतले एकूण एक रबर फुगलेली गाडी मी पाहिली आहे. तिचे मास्टर सिलिंडरपासून होजपाइपपर्यंत सगळे बदलावे लागले.

डिस्कबद्दल लिहायचे राहिले. डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. ती मायक्रोमीटरने मोजावी, साध्या व्हर्नियरने नव्हे, कारण न झिजलेल्या बाहेरच्या काठावर व्हर्नियरचे जबडे टेकतात आणि जाडी फुगवून दाखवतात. माप किमान आकड्याच्या वर असेल, खोल चरे नसतील, तडे नसतील आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत नसेल, तर डिस्क बदलण्याचे किंवा लेथवर लावण्याचे काही कारण नाही. जुन्या डिस्कवर नवे पॅड बसवले, की पहिले दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारणे टाळावे आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत वेग मध्यम दाबाने आठ-दहा वेळा कमी करावा, मध्ये थोडे अंतर तसेच चालवून डिस्क थंड होऊ द्यावी.

कोकणमार्गी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सुटी घेऊन एका तिसऱ्या, परिचयाच्या मिस्त्रींकडे दिवसभर बसून होतो. नानांच्या दोन्ही तपासण्या आधी घरीच केल्या: इंजिन सुरू होताच पेडल बोटभर खाली गेले आणि नंतर एक मिनिट तसेच स्थिर राहिले. म्हणजे बूस्टर आणि मास्टर सिलिंडर वाचले. डिस्कवर किमान जाडी १९ मिलिमीटर कोरलेली आहे आणि माप २०.१ भरले. पहिल्या गॅरेजमधून जुने पॅड मागून आणले, ते चारही सारखे झिजलेले, पण प्रत्येकी अडीच मिलिमीटरच उरलेले निघाले.

टाकीतले ऑइल वरून सोनेरी दिसत होते, ताजे भरलेले असल्यामुळे. पुढच्या डाव्या निपलला पारदर्शक नळी लावून काचेच्या बाटलीत काढल्यावर मात्र जे आले, ते टपरीवर दोनदा उकळलेल्या कोऱ्या चहासारखे काळपट होते. शेवटचे ऑइल कधी बदलले, हे बिलांची फाइल चाळूनही सापडले नाही, म्हणजे मी गाडीची इतकी वर्षे काळजी घेतली असे जे म्हणत होतो त्याला फारसा अर्थ नव्हता. मागच्या उजव्या ड्रममध्ये आणखी एक गोष्ट निघाली. व्हील सिलिंडरच्या (ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणाऱ्या भागाच्या) रबरी बुटाची कड उचलल्यावर आत ओल दिसली आणि शूच्या लायनिंगवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या थरावर, रुपयाएवढा काळा डाग होता. मिस्त्री म्हणाले, लायनिंग पुसून पॉलिश पेपर मारतो. तसे चालेल का? आणि एकाच बाजूचे शू बदलले तर?

नाना वर्कशॉप

दोन्ही गोष्टी करू नका. ऑइल प्यायलेले लायनिंग वरून पुसून कोरडे दिसते, पण गरम झाले, की आतले ऑइल पुन्हा वर येते. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर मागची दोन चाके वेगवेगळ्या जोराने थांबतील. व्हील सिलिंडरही दोन्ही नवे घ्या. एक गळायला लागला तेव्हा त्याच वयाचा दुसरा फार मागे नसतो. ड्रममधली धूळ हवेच्या दाबाने उडवू देऊ नका, ती छातीत जाऊ नये. ब्रेक क्लीनरने ओली करूनच पुसावी. शू बसल्यावर आधी ॲडजस्टर (शू आणि ड्रम यांच्यातले अंतर ठरवणारा भाग) नीट लावून घ्यावा आणि मगच हँडब्रेकची केबल ताणावी. पुष्कळ जण उलट करतात आणि केबल ताणून ॲडजस्टरची कसर झाकतात.

घाटाबद्दल मात्र थोडे स्पष्ट बोलतो, राग मानू नये. तुमच्या गाडीत पाच माणसे आणि पोते होते, तर तिसरा गिअर हा गिअर नव्हे. ज्या उतारावर ट्रकच्या मागे चालायचे आहे, तिथे सुरुवातीपासूनच दुसरा, गरज पडली तर पहिला गिअर टाकावा आणि गाडी इंजिनाने धरावी. वळणाआधी ब्रेक ठामपणे मारून वेग उतरवावा आणि पाय पूर्ण उचलावा. तळहाताएवढ्या पॅडला सतत घासत ठेवण्यापेक्षा मध्ये मध्ये वारा मिळणे हेच त्याचे औषध आहे. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणारे अजूनही भेटतात. इंजिन बंद झाले, की बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते आणि पुढचे सगळे नुसत्या पायाच्या जोरावर करावे लागते.

पंचगंगातीर

पावसाळ्याबद्दल एक राहिले. गाडी चार-पाच दिवस जागेवरच उभी राहणार असेल, तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. आमचे शू ओल्या ड्रमला असे चिकटले होते, की गाडी हलवताना ‘खाड्’ आवाज झाला आणि शेजारचे काका गॅलरीत आले. डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस गंज मात्र पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची धास्ती घेऊ नका.

कोकणमार्गी

दोन्ही बाजूंचे शू आणि व्हील सिलिंडर आज बसवले, मागच्या दोन्ही ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढून झाली, पेडल आता वरच्या वर धरते. पुढच्या शनिवारी आईला परत कराडला सोडायचे आहे. येताना गाडी रिकामी असेल आणि घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरेन. नव्या ऑइलच्या बाटलीत पावभर उरले आहे, ते पुढच्या वेळेसाठी जपून ठेवतो.

नाना वर्कशॉप

ठेवू नका. एकदा उघडलेल्या बाटलीतले ऑइलही कपाटात बसल्या बसल्या ओलावा ओढते. मिस्त्रींकडच्या टाकाऊ ऑइलात देऊन टाका, आणि बदलल्याची तारीख टाकीच्या झाकणावर पांढऱ्या पेनने लिहून ठेवा. बॉनेटच्या रंगावर थेंब सांडला असेल, तर आजच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर तिथला रंग सुटेल.