वाक्य कानाने कळते की पायानेही?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
माझा भाचा कळव्याच्या एका संघातून कबड्डी खेळतो. परवा मी त्याला सामन्याचे वृत्त वाचून दाखवत होते. 'चढाईपटूने बोनससाठी पाय टाकताच डाव्या कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला' हे वाक्य पुरे होण्याआधीच सोफ्यावर बसलेल्या त्याने आपला पाय झटकन आत ओढून घेतला. मला मात्र डावा कोपरा कोणाच्या डावीकडचा, इथपासून मनात मैदान आखावे लागले. शब्द तर सगळे ठाऊक होते. हा फरक केवळ माहितीचा, की खेळलेल्या शरीराचाही आकलनात वाटा असतो?

उत्तर (ऐरोली)
शरीराचा वाटा असावा. सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये आइस हॉकीचे खेळाडू, न खेळता नुसते सामने पाहणारे शौकीन आणि या खेळाशी संबंधच नसलेले लोक अशा तिघांना हॉकीतल्या व रोजच्या कृतींची वाक्ये ऐकवली. हॉकीच्या वाक्यांचे आकलन अनुभवींचे सरस ठरले आणि त्याचा संबंध डाव्या प्रीमोटर भागाशी, म्हणजे हालचालींची निवड व आखणी करणाऱ्या भागाशी, दिसून आला. गंमत म्हणजे हा लाभ नुसत्या पाहणाऱ्यांनाही झाला. तेव्हा आपण मैदानात उतरलेच पाहिजे असे नाही!

उत्तर (वाशी)
थोडे सबुरीने घ्यावे. चेहरा, हात वा पाय यांच्या कृतींची क्रियापदे नुसती वाचतानाही मेंदूतले हालचालींचे त्या त्या अवयवांशी जुळणारे भाग सक्रिय होतात, असे 2004 मध्ये हाउक प्रभृतींनी दाखवले, हे खरे. परंतु अर्थ आधी कळून त्याचा पडसाद मागाहून तिथे उमटत असेल, तर त्याला आकलन कसे म्हणावे, असा माहॉन व कारामात्सा यांचा 2008 मधला आक्षेप आहे. वाक्यातील हालचालीची दिशा आणि हाताच्या हालचालीची दिशा जुळली की प्रतिसाद लवकर येतो, हा 2002 मधला गाजलेला निष्कर्षही अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या 2022 च्या पडताळणीत टिकला नाही. भाच्याने पुढचे आधीच ताडले असेल, तर ते निव्वळ माहितीच्या बळावरही शक्य आहे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. काल मी उलट परीक्षा घेतली. 'पारीत पुरण भरून कडा वर ओढा, तोंड बंद करा आणि उंडा हलक्या हाताने लाटा' हे वाचताना माझी चिमूट आपोआप जुळली होती. शब्द त्यालाही सगळे माहीत आहेत, पण त्याने विचारले, "मावशी, तोंड कोणाचं?"