द्राक्षाच्या पट्ट्यातल्या माणसानं सिघ्नाघी बघावं की नाही?

नान्नज रोड
गेल्या सप्टेंबरात जॉर्जिया देशातल्या सिघ्नाघीला तीन दिवस राहून आलो. तेव्हापासून एकच प्रश्न ऐकतोय, "माळकऱ्याच्या घरातला पोरगा वाइनचं गाव बघायला कशाला गेला?" मी पीत नाही. तरी माझं मत आहे की आपल्या सोलापूरकडच्या बागायतदारानं हे गाव एकदा बघावंच.

राजधानी तिबिलिसीच्या समगोरी स्थानकाहून मार्श्रुत्का, म्हणजे आपलं वडापच, दोनेक तासांत डोंगरावर नेतं. वस्ती जेमतेम दीड हजार. १८व्या शतकात राजा एरेकले दुसरा यानं लेझगी टोळ्यांच्या हल्ल्यांमुळे तट बांधला. त्याला २३ बुरूज, आणि बुरुजांना आसपासच्या गावांची नावं. संकट आलं की गावानं आपापल्या बुरुजात शिरायचं. तटावरून खाली अलाझानीचं खोरं आणि समोर कॉकेशसची रांग दिसते.

पण मी रमलो ते क्वेव्रीपाशी. माणूस आत उतरेल एवढा मातीचा रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. मला आजोळचं पेव आठवलं. आतून मधमाशीच्या मेणाचा हात, धुवायला चेरीच्या सालीचा ब्रश. पांढऱ्या द्राक्षाचा रस साल, बी, देठासकट पाच-सहा महिने आत राहतो, म्हणून वाइनला मधासारखा रंग येतो. २०१३ मध्ये युनेस्कोनं ही पद्धत वारसा म्हणून नोंदवली. शेतकऱ्याचं ज्ञान एवढ्या मानानं जपलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

बाळीवेसकर
मालक, लिहिलंय चांगलं, पण मला पटलं नाही. आमच्या गल्लीत दारूपायी तीन घरं बसलेली मी डोळ्यांनी बघितली. त्यातल्या एका घरातली ताई आज शिलाईवर संसार ओढते. रांजण मातीचा असो की बाटली काचेची, आत आहे ते तेच. त्याला वारसा म्हटलं की पोरांना वाटतं, यात वावगं काही नाही. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, तेव्हाही शेतकऱ्याचंच नाव पुढं केलं होतं. तीन दिवस आणि एवढा पैसा घालायचा तर पंढरपूर काय वाईट?

बेदाणा शेड
मी बागायतदार आहे, म्हणून बोलतो. बाळीवेसकर, पिण्याचं राहू द्या बाजूला. तिथलं सापेरावी, र्‍काट्सिटेली हे वाइनचंच द्राक्ष आहे. आपलं थॉमसन, सोनाका खायचं आणि बेदाण्याचं. तिथं बघून इथं करायचं काय? आमची बाग अवकाळीनं झोपते तेव्हा रांजणाचा उपयोग नाही, बेदाण्याच्या शेडचाच आहे. वाइनचं द्राक्ष आपल्या जिल्ह्यातही अकलूजकडं लावलंय, ते बघायला विमान लागत नाही.

भुईकोट
आठ हजार वर्षांच्या वाइनची कथा तिथं सगळीकडे ऐकवतात, ती सिघ्नाघीची नव्हे. ते पुरावे तिबिलिसीच्या दक्षिणेला गडाच्रिली गोरा इथल्या खापरांत मिळाले. आणि सिघ्नाघीची रंगीत घरं, लाकडी सज्जे हे बरंचसं २००७ च्या सुमाराच्या डागडुजीतलं आहे. मला असं सजवलेलं गाव खरं वाटत नाही. आपला नळदुर्ग तासाभरावर आहे, तिथं पाणीमहालात उभं राहून नर-मादी धबधबे बघा की.

नान्नज रोड
भुईकोट, खापरांचं बरोबर. पण डागडुजी केली म्हणून गाव खोटं कसं? पडू दिलं असतं तर खरं झालं असतं का? गावापासून दोन किलोमीटरवर बोडबेचा मठ आहे, तिथं जॉर्जियात ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या संत निनोची समाधी. तिनं द्राक्षवेलीच्या काड्यांचा क्रूस आपल्याच केसांनी बांधला, अशी श्रद्धा आहे. वेल देवापर्यंत पोचलेला बघून माझे डोळे भरून आले.

बेदाणा शेड, तुमच्याच सोनाकाचं बोलू. थॉमसनमधून ती जात निवडली नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी. बाहेरून आलेल्या किशमिश चोर्नीतून शरद सीडलेस निघाली तीही नान्नजलाच. आज परगावचा माणूस नान्नजला माळढोकाचं अभयारण्य बघायला येतो. द्राक्षाची ही गोष्ट त्याला दाखवायला आपल्याकडे एक खोली तरी आहे का? मला हे तिथं उभं राहिल्यावर सुचलं, घरी बसून सुचलं नसतं.

बाळीवेसकर
खोली करा, मी वर्गणी देतो. त्यात वाइनची बाटली ठेवली तर देणार नाही.

नान्नज रोड
ठेवू नका. तिथं चुर्चखेला म्हणून एक प्रकार मिळतो. अक्रोड दोऱ्यात ओवायचे, पीठ घालून आटवलेल्या द्राक्षरसात बुडवायचे आणि टांगून वाळवायचे. नशा नावाला नाही.

बेदाणा शेड
पीठ कुठलं घालतात? आमचा बारीक मण्यांचा माल मार्चमध्ये कवडीमोलानं जातो. पाच-दहा किलोवर करून बघतो. अक्रोडाऐवजी शेंगदाणा दोऱ्यात टिकणार नाही, काजू चालेल का, कुणी केलं असेल तर सांगा.