दोन बेंदरांच्या घरातून परदेशी गेलेल्यांचे अनुभव

शहापूरकर
गेल्या आठवड्यात नेदरलँड्समधल्या माझ्या मुलीने व्हिडिओ कॉलवर एक पिवळाधमक आणि एक हिरवागार असे दोन बैल दाखवले आणि मला थेट बेळगावातल्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत नेऊन बसवले. तिकडे हवी तशी माती मिळेना म्हणून तिने नातवाच्या खेळण्यातल्या रंगीत मातीचे बैल केले होते, डोळ्यांच्या जागी मोहरीचे दाणे टोचले होते आणि एकाचे वशिंड मानेवर चढल्यामुळे तो बराचसा उंटासारखा दिसत होता. शेजारच्या डच बाईंनी बेंदूर हा बैलांच्या पूजेचा सण कुठला, असे विचारल्यावर ‘भारताचा’ एवढे सांगून ती मोकळी झाली. परंतु भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ज्येष्ठ पौर्णिमेला ‘कर्नाटकी बेंदूर’ आणि पुढे आषाढात ‘महाराष्ट्रीय बेंदूर’ असे दोनदा का छापले आहे, हे सांगताना तिची त्रेधा उडाली.

आमची आज्जी दोन्ही बेंदूर करीत असे. पहिल्याच्या दिवशी वटपौर्णिमाही असते, म्हणून सकाळी वडाला सूत गुंडाळून आल्यावर ती त्याच ओल्या हातांनी बैलांना हळदकुंकू लावी. पंधरा दिवसांनी कानडी शेजारीण मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैल करी, तेव्हा त्यांच्यासाठी नैवेद्याची वाटी आमच्या घरातून जाई. ‘आपला बेंदूर नेमका कोणता?’ असे मी एकदा विचारले, तेव्हा ‘ज्या दिवशी पुरणपोळी असते तो,’ असे उत्तर मिळाले. दोन रीतींच्या मधे राहण्याची सवय आपल्याला परदेशी जाण्याच्या आधीच लागलेली असते, असे मला वाटते. तुमच्या घरांत काय होते, ते अवश्य लिहावे.

निपाणीची सून
काका, माझे माहेर कागलचे, म्हणजे महाराष्ट्रातले, आणि सासर निपाणीचे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी सासूबाईंना ‘आमचा बेंदूर अजून यायचा आहे’ असे म्हटले आणि ‘आमचा’ या शब्दावरून दोन दिवस घरात अबोला झाला. आता मुलगा सिंगापूरला असतो. तो दोन्ही बेंदरांना फोन करतो आणि दोन्ही वेळा पुरणपोळीचाच फोटो मागतो. सविस्तर नंतर लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

मस्कतकर
बेंदूर राहू द्या, मांड्यांचे काय करायचे ते सांगा. बहिणीच्या लग्नानंतर मस्कतला परतताना आईने घडी घातलेले बारा मांडे पत्र्याच्या डब्यात भरून दिले. उपड्या घातलेल्या तापल्या मडक्यावर हातभर पसरून भाजलेला, पिठीसाखर आणि खसखस घालून दुमडलेला तो कागदासारखा पदार्थ तपासणीच्या यंत्रात एखाद्या दस्तऐवजाच्या गठ्ठ्यासारखा दिसला असावा. अधिकाऱ्याने डबा उघडायला लावून एक मांडा बोटाने दाबून पाहिला आणि त्याचा जागीच चुरा झाला. उरलेले अकरा मी विमानात मांडीवर घेऊन बसलो. घरी पोहोचेपर्यंत चार शाबूत राहिले होते, पण चुरा दुधात घालून खाल्ला तर अधिक चांगला लागतो, हा शोध त्याच रात्री लागला.

चंदगडची लेक
शहापूरकरकाका, आमच्या पणजीने तर घर न सोडता माहेर परराज्यात गेलेले पाहिले. तिचे माहेर चंदगड तालुक्यातले आणि सासर बेळगावजवळचे. लग्न झाले तेव्हा दोन्ही गावे एकाच बेळगाव जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ मध्ये बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. पणजीच्या बोलण्यात मात्र माहेर शेवटपर्यंत ‘पलीकडे’ एवढेच राहिले. मी कॅनडाला निघाले तेव्हा तिने ‘ते पलीकडेच्या पलीकडे का?’ असे विचारले होते. पारपत्राच्या अर्जावर तिच्या वयाच्या माणसांचे जन्मस्थान कसे लिहावे, हा घोळ ज्यांनी घातला असेल त्यांनाच तो कळेल.

खानापूरवासी
आमचे पणजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत शिपाई होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांना १९४५ मध्ये, दोघांनाही इटलीतल्याच लढाईसाठी, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या पराक्रमाची ही हकिगत आम्हाला शाळेत शिकवीत. पणजोबा मात्र युद्धाबद्दल अवाक्षर काढीत नसत. तिकडच्या एका म्हातारीने त्यांना मक्याच्या पिठाची घट्ट पेज वाढली होती आणि ती अगदी आपल्या कण्यांसारखी होती, एवढेच सांगत. आम्ही मुले ताटावर रुसून बसलो की ते ‘मांजा, मांजा’ म्हणत. निम्मी भावंडे ते कानडी समजत आणि मी पतंगाचा मांजा समजून जेवण झाल्यावर तो मिळण्याची वाट पाहत असे. तीस वर्षांनी मिलानला शिकणाऱ्या पुतणीने सांगितले, की तिकडे आया मुलांना असेच ‘खा, खा’ म्हणतात.

निपाणीची सून
दादा, हे वाचताना डोळ्यांत पाणी आले आणि भातही करपला.

न्यूयॉर्कवासी टिळकवाडीकर
थोडे वेगळे सांगतो. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी आहेत. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि आपल्या कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी घेण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात वारल्या. वय २१. अस्थी त्यांना मुलीप्रमाणे मानणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. माझी पत्नी तिथे गेली तेव्हा पर्समधली कुंकवाची डबी काढून बराच वेळ घुटमळली, कारण परक्यांच्या दफनभूमीत कुंकू वाहावे की नाही, याची रीत आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती. अखेर तिने दगडाच्या पायथ्याशी गवतात बोट टेकवले. समुद्र ओलांडला म्हणून ज्या काळी प्रायश्चित्ताची भाषा होत असे, त्या काळातल्या बाईंना कोणती रीत चालली असती कोण जाणे.

मस्कतकर
कुंकू बरोबरच केलेत, वहिनींना सांगा. बाकी, मांडे घडी करण्याऐवजी गुंडाळून नेले तर टिकतात का?

चंदगडची लेक
अजिबात नाही. गार झालेला मांडा गुंडाळायला गेलात तर तिथेच मोडेल, आणि मग बाराही दुधातच घालावे लागतील.

शहापूरकर
सर्वांचे आभार. मुलीला हे सगळे वाचून दाखवले. महाराष्ट्रीय बेंदराला ती कणकेचे बैल करणार आहे आणि या वेळी वशिंड जागेवर यावे म्हणून तिने मला माप विचारले आहे. आज्जी ते कसे ठरवीत असे, हे आठवत नाही. कोणाच्या घरी अजून हाताने करत असतील, तर बाजूने काढलेला एक फोटो पाठवावा.