गारपिटीने छप्पर फुटले, पण विम्याची रक्कम इतकी कमी कशी?

प्रश्न: आम्ही अमेरिकेतील टेक्सस राज्यात डॅलसजवळ राहतो. गेल्या आठवड्यातील गारपिटीत छपराचे शिंगल (छपरावरील पातळ फरश्या) फुटले असून दुरुस्तीचा अंदाज १४,००० डॉलरचा आहे. घराचा विमा ४,००,००० डॉलरचा असूनही कंपनी केवळ ६,००० डॉलर मान्य करते, हे कसे?

उत्तर १: आपल्या पॉलिसीत वारा व गारपीट यांसाठी २ टक्क्यांचे वेगळे डिडक्टिबल (नुकसानीपैकी आपण स्वतः सोसायची रक्कम) असावे. ते नुकसानीवर नव्हे, तर घराच्या विमारकमेवर मोजतात. म्हणजे ८,००० डॉलर आपल्या खिशातून जातात आणि १४,००० पैकी उरलेले ६,००० कंपनी देते. टेक्ससमध्ये ही अट सर्रास आढळते, आणि घर घेताना ती सहसा कोणी वाचत नाही (मीही वाचली नव्हती).

उत्तर २: छपराची भरपाई नव्याच्या किमतीने आहे की घसारा (छपराच्या वयामुळे घटलेली किंमत) वजा करून, हेही पाहावे. पहिल्या प्रकारात आधी रोखून ठेवलेली घसाऱ्याची रक्कम साधारणतः काम पूर्ण करून बिले दाखवल्यावर मिळते. दुसऱ्या प्रकारात ती मिळतच नाही, त्यामुळे जुन्या छपराच्या मालकाच्या हाती फारसे काही लागत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. एक ठेकेदार मात्र डिडक्टिबल माफ करण्यास तयार आहे.

उत्तर १: त्याला नकार द्यावा. टेक्ससमध्ये ते बेकायदा असून, २०१९ च्या कायद्यानुसार डिडक्टिबल भरल्याचा पुरावा विमा कंपनी मागू शकते.