१३,००० सैन्याची सेनापती फू हाओ : इतिहास किती आणि आख्यायिका किती?

माळरान (मूळ प्रश्न)

गेल्या वर्षी कारखान्याच्या कामासाठी चीनच्या हेनान प्रांतात तीन आठवडे राहण्याचा योग आला. एका रविवारी जंगजौ येथील प्रांतिक संग्रहालयात गेलो असता घुबडाच्या आकाराचे एक कांस्यपात्र पाहिले. जेमतेम दीड फूट उंचीचे ते घुबड दोन जाडजूड पायांवर आणि जमिनीला टेकवलेल्या शेपटीवर छाती काढून उभे होते आणि त्याच्या पंखांवर वेटोळे घातलेले साप कोरलेले होते. आमच्या दुभाष्याने सांगितले की हे मद्यपात्र प्राचीन चीनच्या शांग घराण्यातील राजा वू डिंग याची राणी फू हाओ हिच्या थडग्यात सापडले, ती स्वतः सेनापती होती, तिने १३,००० सैन्य घेऊन च्यांग लोकांवर स्वारी केली आणि ती नऊ किलो वजनाची कुऱ्हाड घेऊन लढत असे.

परत आल्यावर मिळेल ते वाचले. बहुतेक ठिकाणी हेच आकडे याच क्रमाने येतात, पण ते आले कुठून हे कोणी सांगत नाही. चीनच्या इतिहासलेखनाचा पाया ज्याने घातला त्या सीमा छ्येनच्या ग्रंथात तर या राणीचे नावही नाही. तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या या बाईविषयी आज इतके ठामपणे बोलण्याला आधार काय आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गुरववाडी

सीमा छ्येनने वू डिंगच्या सुमारे ११०० वर्षांनंतर लिहिले. वू डिंगला स्वप्नात दिसलेला गुणी मंत्री बांधकामावरच्या मजुरांत कसा सापडला ही कथा तो रंगवून सांगतो, पण राणीविषयी चकार शब्द काढत नाही. तिचे नाव आपल्याला माहीत झाले ते कासवांच्या पोटाकडील कवचांवर आणि बैलांच्या खांद्याच्या हाडांवर कोरलेल्या मजकुरामुळे. अशी हाडे औषधी दुकानांत ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून उगाळण्यासाठी विकली जात असत. १८९९च्या सुमारास त्यांवरील अक्षरे विद्वानांच्या ध्यानात आली. १९२८पासून अन्यांगजवळ, म्हणजे शांगांच्या शेवटच्या राजधानीच्या जागी, रीतसर उत्खनन सुरू झाले आणि १९३६ साली एकाच खड्ड्यात १७,०००हून अधिक तुकडे मिळाले. फू हाओचा उल्लेख दोनशेहून अधिक लेखांत आहे.

हे लेख म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला चटकन समजावे, कारण ते देवाला लावलेले कौल आहेत. हाडाच्या मागच्या बाजूस खळगे कोरायचे, तेथे तापलेली वस्तू टेकवायची आणि पुढच्या बाजूस तडा कसा जातो ते पाहून उत्तर ठरवायचे. एकच गोष्ट बहुधा दोन्ही अंगांनी विचारत. ‘असे होईल’ हे सामान्यतः कवचाच्या उजव्या बाजूस आणि ‘असे होणार नाही’ हे डाव्या बाजूस कोरलेले असे. आमच्याकडे गाऱ्हाणे घालून पाकळी उजवी पडते की डावी हे पाहतात, तेव्हा मला प्रत्येक वेळी या कवचांची आठवण होते. अर्थात या दोहोंत काही नाते आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही.

आता तुमच्या आकड्याकडे येतो. ज्या एका लेखावरून तो निघाला त्याचा शब्दशः अर्थ साधारण असा होतो : ‘फू हाओचे तीन हजार उभे करावेत, सैन्य दहा हजार उभे करावे, आणि च्यांगांवर चालून जाण्याची आज्ञा द्यावी.’ तीन आणि दहा मिळून तेरा ही बेरीज आधुनिक वाचकांची आहे. ‘फू हाओचे तीन हजार’ म्हणजे तिच्या स्वतःच्या जहागिरीतून गोळा केलेली माणसे, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. तो मानला तर ती तीन हजारांची शिबंदी पुरवणारी ठरते आणि सगळ्या तेरा हजारांची सेनापती ठरतेच असे नाही. शिवाय हा मजकूर प्रस्तावाचा आहे. स्वारी झाली, विजय मिळाला, हे त्यात लिहिलेले नाही.

पुढे काय घडले तेही जेथे कोरलेले असते असे लेख कमी आहेत, आणि त्यांतला सर्वांत प्रसिद्ध लेख फू हाओच्याच बाळंतपणाचा आहे. ज्याशन या दिवशी छ्वे नावाच्या भविष्यवेत्त्याने विचारले की फू हाओचे बाळंतपण शुभ होईल काय. राजाने तडे पाहून सांगितले की डिंग दिवशी झाले तर शुभ, गंग दिवशी झाले तर फारच शुभ. (डिंग, गंग हे शांगांच्या दहा दिवसांच्या आठवड्यातले वार.) त्याखाली नोंद आहे : ‘एकतिसाव्या दिवशी, ज्यायिनला प्रसूती झाली. शुभ झाले नाही. मुलगी झाली.’ शांगांचे दिवस ६०च्या चक्रात मोजले जात. त्यात ज्याशन एकविसावा आणि ज्यायिन एक्कावन्नावा येतो. पहिला दिवस धरून मोजले की बरोबर ३१ होतात. ज्या राणीला लढाईवर पाठवावे की नाही असे राजा देवाला विचारत होता, तिलाच मुलगी झाली हे अशुभ म्हणून कोरले गेले, हे वाचताना माणूस क्षणभर थांबतोच.

शंकेखोर

गुरववाडी यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु त्यांच्या पद्धतीने गेल्यास शांगांच्या एकाही स्वारीविषयी काही बोलता येणार नाही. पुरुष सरदारांची नावेही अशाच प्रश्नांत येतात, आणि त्यांना सेनापती म्हणताना कोणी इतके आढेवेढे घेत नाही. मग राणीलाच वेगळा न्याय का?

गुरववाडी

हरकत रास्त आहे. माझ्या लिहिण्यावरून तसा अर्थ निघत असेल तर तो मला सुधारला पाहिजे. कौल लावताना माणूस अशक्य गोष्ट विचारत नाही. नदी उलटी वाहील काय असे कोणी देवाला विचारत नाही, पाऊस पडेल काय असे विचारतो. तेव्हा ‘फू हाओला पाठवावे काय’ हा प्रश्न राजाच्या दरबारात गंभीरपणे मांडला जात होता, एवढ्यावरूनच बायकांनी सैन्य नेणे त्या काळी वेडेपणाचे मानले जात नव्हते हे सिद्ध होते. वू डिंगला साठाहून अधिक बायका होत्या असे या लेखांतील नावांवरून दिसते, आणि त्यांत लष्करी मजकूर सर्वाधिक तिच्याच नावे येतो.

बा लोकांवरील स्वारीचा लेख तर डावपेचाचा आराखडाच आहे. फू हाओने एका सरदारासह चाल करावी, राजाने स्वतः पूर्वेकडून आत घुसावे, आणि शत्रू फू हाओ दबा धरून बसली असेल त्या जागी सापडावा. चीनमधील दबा धरण्याच्या डावाचा हा सर्वांत जुना लेखी उल्लेख मानला जातो. येथेही मजकूर कौलाचाच आहे, पण कामाची वाटणी इतकी नेमकी आहे की तिला केवळ नावापुरते पाठवले जात होते असे मलाही म्हणवत नाही. आकड्यावरचा माझा आक्षेप मात्र कायम आहे.

तांबट

कुऱ्हाडीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो, कारण धातूकाम हा माझा विषय आहे.

थडगे १९७६ साली अन्यांगजवळच्या श्याओथुन गावी जंग जनश्यांग या पुरातत्त्वज्ञ बाईंच्या पथकाने उघडले. शेतजमीन सपाट करण्याची मोहीम चालू होती आणि त्यात ही उंचवट्याची जागा जाणार होती. खाली धुमस केलेली माती लागल्यामुळे बाईंनी लांब दांड्याची फावडी आणखी खोल घालण्याचा आग्रह धरला, तेव्हा ओल्या चिखलाबरोबर लाल लाखेचे कण आणि जेड या मौल्यवान दगडाचा एक लहानसा दागिना वर आला. खड्डा सुमारे साडेसात मीटर खोल असल्यामुळे तळाशी भूजल लागले, आणि पंप लावून, चिखलात हात घालून वस्तू काढाव्या लागल्या. राजांची मोठी थडगी नदीपलीकडे होती. ती सगळी पूर्वीच लुटली गेली होती. हे थडगे राजवाड्याच्या परिसरात एका इमारतीच्या पायाखाली असल्याने वाचले.

आत ४६८ कांस्यवस्तू होत्या, ज्यांचे एकत्रित वजन दीड टनाहून अधिक भरले. त्याशिवाय ७५५ जेडच्या वस्तू, हाडाच्या सुमारे पाचशे केसांच्या पिना, चार कांस्य आरसे आणि सहा हजारांहून अधिक कवड्या. (कवड्या म्हटल्या की आपल्याला भवानीच्या भुत्यांच्या माळा आठवतात, तेथे त्या संपत्ती म्हणून पुरलेल्या आहेत.) बळी दिलेली १६ माणसे होती, त्यांत बायका आणि मुलेही होती, आणि सहा कुत्रे. या माणसांचा उल्लेख लोकप्रिय लेखांत बहुधा शेवटच्या ओळीत उरकला जातो, ते मला पटत नाही.

शस्त्रे १३०हून अधिक आहेत. त्यांतल्या दोन मोठ्या कुऱ्हाडींवर फू हाओचे नाव ओतलेले आहे, आणि एक खरोखरच नऊ किलोची आहे. तिची लांबी ३९.५ सेंटिमीटर असून धारेची रुंदी ३७.३ सेंटिमीटर आहे. दोन वाघ तोंडे उघडून समोरासमोर उभे आहेत आणि त्यांच्या मधोमध माणसाचे मुंडके आहे. अशी कुऱ्हाड घेऊन लढता येत नाही. दांड्यासह ती दहा किलोच्या वर जाईल आणि एक घाव चुकला तर तिच्या झोकाने उचलणाराच कोलमडेल. घणाचा ठोका हातात बसलेल्या कोणालाही हे पटेल. शांगांकडे मोठी कुऱ्हाड हे शिक्षा देण्याच्या आणि सैन्य चालवण्याच्या अधिकाराचे चिन्ह होते, इतके की चिनी लिपीतले ‘राजा’ हे अक्षरच मुळात कुऱ्हाडीचे चित्र असावे असे बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा दुभाष्याची गोष्ट पाडून टाकली तरी फू हाओ लहान होत नाही, कारण अधिकाराचे ते चिन्ह तिच्या स्वतःच्या नावाने ओतले गेले होते. तिचा सांगाडा मात्र कुजून नाहीसा झाला होता, त्यामुळे अंगावर जखमांच्या खुणा होत्या काय हा प्रश्न कायमचा बंद झाला आहे.

माळरान

सर्वांचे आभार. एक शंका राहिली. काही ठिकाणी याच राणीला ‘मू शिन’ म्हटले आहे आणि काही ठिकाणी ‘सी मू शिन’ किंवा ‘हौ मू शिन’. ही एकच व्यक्ती आहे काय?

गुरववाडी

एकच आहे. ‘फू’ ही राजघराण्यातील स्त्रीची पदवी आहे. तिच्या मृत्यूनंतर तिला शिन या वाराचे नाव मिळाले, आणि त्या दिवशी तिच्या नावाने नैवेद्य होऊ लागले. ‘मू’ म्हणजे आई, म्हणून ‘मू शिन’ म्हणणारी माणसे तिच्या मुलांच्या पिढीतली असली पाहिजेत. थडग्यातल्या दोन मोठ्या चौकोनी पात्रांवर हे नाव आहे. त्याआधीचे अक्षर ‘सी’ वाचायचे की ‘हौ’, म्हणजे राणी, हा वाद आहे. त्या काळच्या लिपीत अक्षर डावीकडे किंवा उजवीकडे तोंड करून कसेही लिहीत, आणि ही दोन अक्षरे एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. अन्यांगलाच १९३९ साली सापडलेल्या ८३२ किलोंच्या प्रसिद्ध पात्राची पाटीही याच कारणाने २०११ साली बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात बदलली गेली. जुन्या पुस्तकांत ‘सी’ दिसेल, नव्यांत बहुधा ‘हौ’. तुम्ही पाहिलेल्या घुबडाचा जोडीदार त्याच बीजिंगच्या संग्रहालयात आहे.