अडवणूक डीएनएसच्या टप्प्यावर करावी

कार्यालयाच्या नेटवर्कवर नको असलेली संकेतस्थळे कशी अडवावीत, या प्रश्नावर वर एका सदस्यांनी प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (संकेतस्थळांची नावे व त्यांचे पत्ते नोंदवलेली त्या यंत्रातील यादी) त्यांची नावे लिहिण्याचा उपाय सुचवला आहे. पाच-सहा यंत्रे असतील तर तो चालेल. परंतु चाळीस संगणकांच्या कार्यालयात यादी बदलली की प्रत्येक यंत्रापाशी जावे लागते, आणि कर्मचाऱ्यांचे मोबाइल तर त्यातून सुटतातच. त्यामुळे अडवणूक डीएनएसवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता शोधला जातो त्या टप्प्यावर करावी, असे माझे मत आहे. जुन्या संगणकावर पाय-होल (नको असलेली नावे अडवणारा डीएनएस सर्व्हर म्हणून चालणारी प्रणाली) बसवून त्याचा पत्ता राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये (उपकरणांना नेटवर्कची माहिती आपोआप देणारी सोय) दिला, की नेटवर्कवरील उपकरणे संकेतस्थळांचे पत्ते त्यालाच विचारू लागतात.

मात्र एवढ्यावर थांबू नये. कोणीही आपल्या यंत्रात ८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता लिहून ही अडवणूक ओलांडू शकतो, म्हणून फायरवॉलवर (नेटवर्कची ये-जा नियंत्रित करणारी यंत्रणा) पोर्ट ५३ आणि ८५३ वरून, म्हणजे साध्या व कूटबद्ध डीएनएस विचारणांच्या मार्गांवरून, बाहेर जाण्याची मुभा केवळ आपल्या डीएनएस सर्व्हरला द्यावी. खरी अडचण डीएनएस ओव्हर एचटीटीपीएसची, म्हणजे वेबच्याच कूटबद्ध मार्गाने डीएनएस विचारणा पाठवण्याच्या पद्धतीची आहे, कारण ती विचारणा पोर्ट ४४३ वरून नेहमीच्या वेब-वाहतुकीत मिसळून जाते. क्रोम व फायरफॉक्समध्ये ही सोय प्रशासकीय धोरणाद्वारे बंद करता येते, पण ती कार्यालयाच्या यंत्रांपुरतीच. खासगी मोबाइलसाठी वेगळे वाय-फाय ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

शिवाय डीएनएसवर संपूर्ण नावच अडते, एखादे पान नव्हे. यूट्यूब अडवले तर प्रशिक्षणाच्या चित्रफितीही बंद होतात, त्यामुळे काय अडवले आहे आणि सवलत कोणाकडे मागायची, हे कर्मचाऱ्यांना आधीच लेखी कळवणे मी अत्यावश्यक मानतो.