‘जैवउपलब्धता’ हा शब्द कुठे वापरावा?

प्रश्न
एका अहवालाच्या मराठी मसुद्यात ‘खाडीच्या गाळातील कॅडमियमची जैवउपलब्धता ४ मिग्रॅ प्रति किलो’ असं वाक्य आहे. आकडा गाळ तीव्र आम्लात विरघळवून काढलेला आहे. शब्द बरोबर आहे का?

उत्तर
नाही. ते ‘एकूण प्रमाण’. जैवउपलब्धता म्हणजे त्यातला जो हिस्सा तिसऱ्या (शिंपले), कालवं, गाळातल्या अळ्या यांच्या शरीरात शिरू शकतो तेवढाच. खनिजाच्या स्फटिकात अडकलेला धातूही एकूण प्रमाणात धरला जातो, पण जिवांना तो जवळजवळ मिळत नाही.

पुरवणी
हा हिस्सा गाळाच्या अवस्थेप्रमाणे बदलतो, म्हणून शब्दासोबत अवस्थाही लिहावी. खाडीत वरचा पातळ थर तपकिरी असतो, खालचा ऑक्सिजनविना, काळा आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा. काळ्या थरात लोहाचं सल्फाइड असतं. कॅडमियम, शिसं, जस्त, निकेल, तांबं हे धातू लोहाची जागा घेऊन त्या सल्फाइडला घट्ट बांधले जातात. म्हणून नायट्रोजन वायूखाली (हवा लागू न देता) १ मोलर थंड हायड्रोक्लोरिक आम्लात सुटणारं सल्फाइड आणि त्याबरोबर सुटणारे धातू, दोन्ही मोलमध्ये, म्हणजे कणांच्या संख्येनुसार, मोजतात. सल्फाइड जास्त भरलं तर या धातूंची विषबाधा अपेक्षित नसते. धातू जास्त भरले म्हणून गाळ लगेच विषारी ठरत नाही. जादा धातूला सेंद्रिय कार्बनने भागायचं: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००५ च्या पद्धतीनुसार प्रति ग्रॅम कार्बन १३० मायक्रोमोलच्या आत चिंता नाही, ३,००० च्या वर विषबाधा अपेक्षित, मधल्या पट्ट्यात सांगता येत नाही.

सगळं बिघडतं ते नमुना हाताळताना. भट्टीत वाळवला की सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होऊन धातू मोकळे होतात आणि आकडा खोटा चढतो. बाटली काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका, गाळ ओलाच ठेवून थंडीत न्या.

पाऱ्याबद्दल
पाऱ्याला वरचं गणित लावू नका. त्याच ऑक्सिजनविना गाळात सल्फेटवर जगणारे जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पारा हे जास्त विषारी सेंद्रिय रूप करतात आणि तो माशांत साठत जातो. पाऱ्याच्या विषबाधेमुळे कुप्रसिद्ध झालेल्या जपानच्या मिनामाता उपसागरात गाळ काढण्यासाठी २५ पीपीएम (दशलक्षात २५ भाग) ही मर्यादा ठरली होती, तीही एकूण पाऱ्याची. त्या आकड्याला जैवउपलब्धता म्हणणं चूक.

प्रश्न
सौम्य आम्लात सुटलेल्या हिश्शाला ‘जैवउपलब्ध’ म्हणावं का?

उत्तर
म्हणू नये. १ ग्रॅम गाळ ०.११ मोलर अ‍ॅसेटिक आम्लात १६ तास हलवून जे सुटतं ते ‘आम्लात सुटणारा हिस्सा’. तो संकेत आहे, पुरावा नाही. यात कोणताही जीव तपासलेला नसतो. पुरावा हवा तर नेरीससारखा गाळातला कृमी २८ दिवस त्या गाळात ठेवून शरीरातला धातू मोजायचा. मोजण्याआधी त्याला स्वच्छ पाण्यात ठेवून आतडं रिकामं होऊ द्यावं लागतं, नाहीतर आतड्यातला गाळच शरीरात शिरलेला धातू म्हणून गणला जातो.